दिवेलागणीच्या आत

"जॅक बाहेर टाकून यायचं नाही, अनू. सगळ्यांत शेवटी जो निघेल त्यानं तो उचलायचा आणि आत आणून ठेवायचा. दिवेलागणीच्या आत." हे सांगताना ह्यांनी माझ्याकडे बघितलंही नव्हतं. क्लबच्या पॅव्हिलियनच्या पायरीवर बसून ते बुटांच्या नाड्या सोडत होते, सपाट तळव्याच्या त्या पांढऱ्या बुटांच्या. समोरची हिरवळ रिकामी झाली होती, फक्त मधोमध एक लहानसा पांढरा चेंडू राहिला होता. त्यालाच जॅक म्हणतात. आधी तो दूर घरंगळत सोडायचा आणि मग प्रत्येकानं आपापले मोठे चेंडू त्याच्या जवळात जवळ नेऊन ठेवायचे, एवढाच तो लॉन बोल्सचा खेळ. मी म्हटलं, राहिला एक रात्र तर काय होतंय, कोण नेणार आहे? तर हे म्हणाले, "नेण्याचा प्रश्न नाही गं. इथं रात्री कोणाला बाहेर ठेवत नाहीत." चेंडूबद्दल बोलत होते आणि असं बोलत होते. मी हसले होते तेव्हा.

आज सकाळी लेस्टरला, बेलग्रेव्ह रोडवरून बसस्टॉपकडे येताना, हातात साबुदाण्याची आणि वातींची पिशवी असताना, तोच आवाज मला तसाच्या तसा ऐकू आला. पितृपक्षातली एकादशी. पोटात सकाळपासून फक्त पाणी, त्यामुळे डोकं जरा हलकं झालं होतं, आणि आधी मला वाटलं की त्यामुळेच मला भास होतोय. जुन्या वस्तूंच्या एका दुकानाच्या काचेत, पितळी घंगाळासारखं काहीतरी आणि एक शिलाईमशीन यांच्यामध्ये, एक लांबरुंद गडद लाकडी फळा टेकवून ठेवला होता. वर सोनेरी अक्षरांत एल्मर्बी बोल्स क्लब. खाली कॅप्टनांची नावं, वर्षामागून वर्षं, पहिल्या महायुद्धानंतर सुरू झालेली. नावं वाचायची मला गरज नव्हती. चहाचे कप विसळताना त्या फळ्याकडे तोंड करून मी इतक्या शनिवारी उभी राहिले आहे की शाळेतल्या कवितेसारखा तो मला पाठ आहे. शेवटची ओळ डॉ. पी. व्ही. खांबेटे. त्यापुढे लाकूड कोरंच आहे, पुढे कोणी रंगवलंच नाही. मी काचेला कपाळ टेकवलं असावं, कारण आतली मुलगी बाहेर आली आणि माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "बरं वाटत नाहीये का, मी डक? आत बसताय का जरा?" इकडे प्रेमानं कोणालाही असंच 'मी डक' म्हणतात. मी बसले नाही, पण आत गेले. फळ्यावर हात फिरवला. "छान आहे ना?" ती म्हणाली. "एका पबवाल्यानं घेतलाय. भिंतीवर लावणार. लोकांना असलं जुनं आवडतं. ह्यातलं कोणी तुमच्या ओळखीचं आहे का?" मी शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं. "पी म्हणजे काय?" तिनं विचारलं. ह्यांचं नाव मी उखाण्यात घेतलंय, लग्नात, मंगळागौरीला, लंडनकडच्या हॅरोच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला. कशातही न गुंफता, नुसतं, सरळ, कधी घेतलेलं नव्हतं. "पुरुषोत्तम," मी म्हणाले. ती म्हणाली, "अरे बापरे, केवढं मोठं! ह्या फळीवर मावलंच नसतं." आणि बाहेर येऊन बसस्टॉपच्या बाकावर बसल्यावर मला खरं काय ते कळलं. फळा इथं आला, म्हणजे पॅव्हिलियनचं दार कोणीतरी उघडलं होतं, सामान हलवलं होतं. आणि तिथं, मागच्या भिंतीला लागून असलेल्या लॉकरमध्ये, हे होते.

क्लाइव्हला फोन लावला. क्लाइव्ह म्हणजे क्लबची हिरवळ राखणारा माणूस, ह्यांच्यापेक्षा थोरला. फोन वाजत राहिला. बस आली, बसले, पुन्हा लावला. एल्मर्बीला जायला ही बस सगळी खेडी फिरत जाते. रोज मला त्या वळणांचं काही वाटत नाही, आज प्रत्येक स्टॉपवर चढणारा माणूस ड्रायव्हरशी हवापाण्याच्या गप्पा मारतोय असं वाटायला लागलं. पिशवी मांडीवर घट्ट धरून मी रामरक्षा म्हणायला घेतली. मधेच अडखळले, पुन्हा पहिल्यापासून घेतली, पुन्हा त्याच ठिकाणी अडखळले. क्लब बंद होणार हे माहीत होतं. जमीन गावातल्या जुन्या मोजे-कारखानदाराच्या कुटुंबाची, त्यांच्या पणतवंडांनी ती घरं बांधणाऱ्यांना दिली, उद्या सकाळी मशीन येणार आणि हिरवळ उचलणार, हे सगळं माहीत होतं. क्लाइव्हनं सांगितलं होतं, लॉकरचं तुम्ही मनात आणू नका, शेवटच्या दिवसापर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही. आणि मी तो शेवटचा दिवस रोज एक दिवस पुढे ढकलत आणला होता. आमचा मुलगा मिहीर इथंच वाढला, त्याचं मराठी इंग्रजी वळणाचं. तो म्हणायचा, "आई, बाबाचा काय ते डिसाइड कर ना." करते, म्हणायचे. चातुर्मास संपू दे. देवदिवाळी होऊ दे. संकष्टी झाली की बघू. व्रतं माणसाला किती उपयोगी पडतात ते मला ह्या वर्षांत कळलं.

हे भूलतज्ज्ञ होते. आम्ही ह्या देशात आलो तेव्हा हॉस्पिटलं सहा-सहा महिन्यांनी बदलायची, प्रत्येक गावी क्वार्टरच्या खिडकीत मी तुळशीची कुंडी ठेवायची आणि ती रुजायच्या आत बोचकं बांधायचं. लेस्टरला कायमची नोकरी लागली आणि एल्मर्बीत घर घेतलं. गावात आपलं कोणी नव्हतं. हे संध्याकाळी फिरायला जायचे ते क्लबच्या कुंपणाशी थबकायचे. प्रिव्हेटच्या झुडपांचं छाटलेलं कुंपण, त्यावरून पलीकडे दिसायची ती माणसं, पांढरे कपडे, वाकायची, हात सोडायची, आणि मग काही न करता नुसती उभी. एका शनिवारी त्यांच्यातला कोणी आजारी पडला, एक गडी कमी झाला. कुंपणापलीकडून क्लाइव्हनं हाक मारली, "डॉक्टर, गुडघे वाकतात का तुमचे?" संध्याकाळी हे घरी आले ते गुडघ्यांना हिरवे डाग पाडून. जेवताना मला सांगत राहिले. "हा चेंडू सरळ जातच नाही, अनू. त्याची घडणच तशी, एका अंगाला कलता. एका बाजूला मोठं चक्र कोरलेलं, दुसऱ्या बाजूला लहान. लहान चक्र आतल्या अंगाला धरायचं. उलटं धरलंस की तो भलतीकडेच वळतो, शेजारच्या लोकांच्या खेळात जाऊन बसतो. मी बसवला आज. सगळे टाळ्या वाजवत होते." मग जरा थांबून म्हणाले, "आणि मला बदक म्हणतात ते लोक. मी डक, मी डक. मी काही बोललो नाही." पुरुषोत्तमचं त्यांनी पहिल्याच दिवशी पेरी करून टाकलं होतं. मी वैतागले. मी म्हटलं, एवढं देवाचं नाव, ते का मोडू दिलंत? हे म्हणाले, "मोडलं कुठं? हाक मारायला सोपं केलं."

इथं कोणाला बाहेर ठेवत नाहीत, ह्याच्यामागची गोष्ट मला ह्यांनी फार नंतर सांगितली, आणि ह्यांना ती आधीच्या कॅप्टननं सांगितली होती, त्याला त्याच्या आधीच्यानं. कुठं लिहून ठेवलेली नाही. फळ्यावरचं पहिलं नाव वॉल्टर. गावात मोजे विणायचा कारखाना होता, तिथला यंत्रावरचा माणूस. तो आणि त्याचा धाकटा भाऊ एकाच दिवशी पहिल्या महायुद्धाला गेले. भाऊ दोन्ही खंदकांच्या मधल्या मोकळ्या जमिनीत पडला. जिवंत होता. हाका मारत होता. वॉल्टरला बाहेर जायची परवानगी नव्हती, त्याला धरून ठेवलं होतं. सकाळपर्यंत हाका थांबल्या होत्या. युद्धानंतर जे परत आले त्यांना मालकानं कारखान्यामागचं शेत वापरायला दिलं आणि त्यांनी ते हातांनी सपाट केलं, गवत पेरलं, कडेनं चर खणला. पहिल्याच उन्हाळ्यात कोणीतरी खेळ संपल्यावर जॅक बाहेर विसरला. वॉल्टर घरी जेवायला बसला होता. आठवण होताच ताट तसंच टाकून उठला आणि तो पांढरा चेंडू आणायला गेला. तेव्हापासून ही रीत. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं हिरवळीवर बटाटे लावायला सांगितले तेव्हा क्लबनं अर्धी हिरवळ दिली आणि अर्धीवर खेळत राहिले, आणि विमानहल्ल्यांमुळे दिवे मालवायचे हुकूम होते तेव्हाही जॅक रोज अंधाराच्या आधी आत आला. कारखाना बंद पडला. माणसं गेली, त्यांची पोरं लंडनला गेली. रीत राहिली. हे सांगून झाल्यावर हे म्हणाले, "माझं काम तरी दुसरं काय आहे? माणसाला झोपवणं सोपं असतं. परत आणणं हेच काम." मला त्या वेळी वाटलं होतं की हे बोलणं जरा मोठं झालं, आणि मी वाटीत आणखी आमटी वाढली.

बस एका शाळेपाशी थांबून राहिली. फोन पुन्हा वाजून बंद झाला. मला एकदम एनिडचा चेहरा दिसला. एनिड क्लाइव्हची बायको, गेल्या थंडीत गेली. क्लबात आधी बायकांनी फक्त चहा करायचा, खेळायचं नाही, असा नियम होता, आणि तो मोडून पहिल्यांदा हिरवळीवर उतरलेली बाई म्हणजे एनिड. पण चहाची पाळीही तिनं सोडली नाही. "मी ते दोन्ही करणार," म्हणायची, "पुरुषांना एकच जमतं." पहिल्या शनिवारी माझी पाळी आली ती नेमकी एकादशी. त्यांचे ते अंड्याचे सँडविच माझ्याच्यानं व्हायचे नाहीत, आणि उपासाच्या दिवशी पावाला हात लावायचा नाही असा माझा नेम. रात्रभर विचार करून मी साबुदाण्याचे वडे तळून नेले, हिरवी मिरची अगदी कमी घालून. एनिडनं एक वडा मोडला, आतले चिकट पांढरे दाणे बघितले आणि तिचा चेहरा असा झाला की मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. "बेडकाची अंडी!" ती ओरडली. "क्लाइव्ह, इकडे ये, शाळेच्या जेवणातली बेडकाची अंडी!" शाळेत त्यांना साबुदाण्याची दुधातली लापशी देत, आणि पोरं तिला तेच म्हणत. मग तिनं तो खाल्ला. मग दुसरा खाल्ला. "असं तळता येतात हे आम्हांला कोणी का नाही सांगितलं? वाया गेलं माझं बालपण." त्यानंतर गावातल्या क्लबात, मोजेवाल्यांच्या त्या क्लबात, बाहेरचे लोक मॅचला आले की विचारायचे, आज बेडकाची अंडी आहेत का? आणि एनिड कॅलेंडरकडे बघून मला विचारायची, "आज तुझा काहीच-नाही वार आहे का, मिसेस के?" तिला चतुर्थी आणि एकादशी वेगळ्या असतात हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण ती कधी चुकली नाही.

मी स्वतः मात्र हिरवळीवर कधी उतरले नाही. पहिल्या दिवशी मी नेहमीच्या सँडल घालून काठावरून पुढे पाय टाकला आणि चारी बाजूंनी माणसं हात वर करून "नो, नो, नो!" म्हणाली. सपाट तळव्याशिवाय त्या गवतावर पाय ठेवायचा नाही, टाच रुतते. मी मागे झाले ती झालेच. पुढे हे माझ्यासाठी सपाट तळव्याचे बूट घेऊन आले, माझ्या मापाचे, दोन-तीनदा म्हणालेही, चल. मी काठावर बसून जपमाळ ओढत राहिले. काठावरून मला सगळं दिसत होतं. हे वाकायचे, हात सोडायचे, आणि हात सोडल्यावर तो तसाच उघडा, तळवा वर करून, चेंडूमागे धरून ठेवायचे, जरा वेळ. जाणाऱ्याला निरोप दिल्यासारखा. शेवटच्या मोसमात हे कॅप्टन होते. कॅप्टन म्हणजे काय, नावापुरतेच, बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली होती. तरुण कोणी येत नव्हतं, गवतकापणी मशीन मोडलं होतं, शनिवारी कधीकधी क्लाइव्ह आणि हे दोघंच खेळायचे. एका संध्याकाळी मी घरी वडे तळत होते आणि हे मागून येऊन म्हणाले, "शेवटचा निघणारा बहुतेक मीच असणार. आणि मी नसलो तर तू." मी म्हटलं, काहीतरी बोलू नका, तेल तापलंय. "नाही, सांग. आणशील ना?" हाताला पीठ लागलं होतं. "आणीन हो, आणीन," मी म्हटलं, "सरा बाजूला."

पुढच्या एप्रिलात क्लब उघडला नाही, काहीच उघडलं नाही. ह्यांना खोकला आला, मग धाप लागायला लागली. अॅम्ब्युलन्स दारात आली, तोंडं झाकलेली दोन माणसं आत आली आणि म्हणाली, घरच्यांना बरोबर येता येणार नाही. मी तुळशीपत्र घातलेलं पाणी घेऊन उभी राहिले होते. त्यांनी ते जवळ आणू दिलं नाही. खुर्चीवर बसवून ह्यांना उतरवताना ह्यांनी हात वर केला, तळवा उघडा ठेवून, तसाच जरा वेळ. दार लागलं. ज्या हॉस्पिटलात ह्यांनी लोकांना परत आणलं, तिथं रात्री ह्यांच्याजवळ कोण होतं ते मला माहीत नाही. कोणीतरी असेल. नर्स चांगल्या असतात. हे मला हाक मारत असतील का, हा विचार मी करत नाही. करायचा नाही असं रोज सकाळी संकल्प सोडताना ठरवते. मिहीर स्वतःच आजारी होता, हॅरोच्या फ्लॅटमध्ये कोंडलेला. त्यानं अंत्यसंस्कार लॅपटॉपवर बघितले. तो एकदाच त्याबद्दल बोललाय. "मी बाबाला नाही बघितलं, आई. मी एक पडदा बघितला. मग पडदा बंद झाली."

आणि मग पेटी आली. अंत्यविधी करणारा माणूस फार सभ्य होता, लांब उभा राहून त्यानं ती पायरीवर ठेवली, मान लववली आणि गेला. मी दारात. ती बाहेर. आमच्याकडे अस्थी उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. सासूबाईंनी मामंजींच्या वेळी सांगितलेलं माझ्या कानात होतं, "घरात देव आहेत. अस्थी झाडाला बांधायच्या, घाटावर जाईपर्यंत." नाशिकला जायला विमानं नव्हती. झाड म्हणावं तर आमच्या बागेत एक बुटकं सफरचंद, आणि पाऊस भुरभुरायला लागला होता. मी आतून छत्री आणली, उघडली आणि दारात उभी राहून हात लांब करून त्या पेटीवर धरली. किती वेळ ते मला माहीत नाही. हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायची. क्लाइव्ह रस्त्यानं चालला होता, हिरवळ बघायला रोज जायचाच तो, बंद असली तरी. फाटकाशी थांबला. टोपी काढली. त्याला मी काय सांगितलं, कसं सांगितलं, आठवत नाही. मी फार मोठ्यानं बोलत नाही, आणि मधे अख्खं अंगण होतं. त्यानं ऐकलं. "आमच्याकडे राहू दे त्याला," तो म्हणाला, "तुमचं सगळं ठरेपर्यंत. तिथं कोरडं आहे." त्यानं पेटी कोटाच्या आत घेतली आणि तो चालायला लागला. मी छत्री धरून तशीच उभी. ह्यांच्या लॉकरमध्ये, ह्यांच्या चेंडूंशेजारी, टोपीखाली, त्यानं ती ठेवली. हे बाहेर राहिले नाहीत एवढं मला त्या रात्री समजलं, आणि मी झोपले.

त्यानंतर माझा हा नेम झाला. कुठल्या पोथीत नाही. रोज संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायच्या आधी क्लबच्या कुंपणापर्यंत चालत जायचं. उन्हाळ्यात क्लाइव्ह आत काहीतरी खुडबुडत असायचा. मी कुंपणावरून विचारायचे, "ऑल इन, क्लाइव्ह?" म्हणजे सगळे आत आले का. तो म्हणायचा, "ऑल इन, मी डक." थंडीत तो नसायचा, तर मीच विचारायचे आणि मीच म्हणायचे. मग घरी येऊन दिवा. मिहीरला वाटतं मी निर्णय घ्यायला घाबरते. तसं नाही. हे शनिवारी क्लबात गेलेत आणि उशीर झालाय, एवढंच. इतक्या वर्षांत जेवायला कधी वेळेवर आले होते? पोळ्या झाकून ठेवायच्या आणि वाट बघायची, ह्याची मला सवय आहे. वाट बघण्यात दुःख आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. वाट संपण्यात असतं. काचेतल्या त्या फळ्यानं माझी वाट संपवली.

घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली तोच फोन वाजला. "डोळ्याच्या दवाखान्यात होतो, मिसेस के. फोनचा आवाज बंद ठेवायला लावतात." मी फक्त "फळा" म्हणाले. तेवढ्यावरून त्याला कळलं. मग म्हणाला, "कालच नेला, मला न विचारता. सामान उचलणारा माणूस आला होता. खुर्च्या, चहाचं भांडं, सगळं. मी पोचलो तेव्हा फळा गाडीत चढलेला." आणि लॉकर? "लॉकरसमोर मी खुर्ची टाकून बसलो. ती एकच खुर्ची राहिलीय. म्हटलं, आधी मला उचला. उचललं नाही त्यांनी." तो हसायला गेला आणि ते खोकल्यात गेलं. मी खाली बसले, जमिनीवरच. "मिसेस के, ऐका. आज सकाळी मी घरचं मशीन आणून गवत कापलंय. उद्या उचलणार आहेत, माहीत आहे मला, पण तसं वाढलेलं देववेना. आणि जॅक बाहेर ठेवलाय. मधोमध. मला वाटलं, शेवटचं एकदा रीतसर आत यावा." मग आवाज बारीक करून, "मी आणणार होतो. पण मला आता तेवढ्या लांबून तो दिसतच नाही. आणि एनिडही नाही. पेरी म्हणाला होता की तुम्ही कबूल केलंय." मी म्हटलं, केलंय. "किल्ली दारातच ठेवतो. सावकाश या. मी आहे."

मग मिहीरला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता, बाहेर आला. "आई, तू पेटी घरी नको आण. तूच म्हणाली होतीस ना, अलाउड नाही. मी सॅटर्डेला येतो, आपण कुठंतरी ठेवू. स्टोरेज असतो." मी म्हटलं, "शनिवारी क्लब नसेल." "मग क्लाइव्हकडे ठेव." "क्लाइव्हचं घर आहे का ते? त्यांचं घर इथं आहे." पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. लहानपणी ताप आला की तो असाच श्वास घ्यायचा, तोंड उघडं टाकून. "पण आजी?" तो म्हणाला. "आजीचा रूल?" मी म्हटलं, "आजींच्या घरापुढे पिंपळ होता, मिहीर. आणि त्या मामंजींच्या उशाशी बसल्या होत्या." तो एकदम म्हणाला, "मी येतो. आत्ता निघतो. पण माझं पोचेपर्यंत अंधार होईल, आई." "होऊ दे. आम्ही आत असू."

देवघरापुढे बसले. बोलायचं होतं पण काय बोलायचं ते सुचेना. कधी देवाची परवानगी मागितली नाही मी, नेम सांगितला तो पाळला, त्यामुळे मागायची कशी ते येत नव्हतं. हे चूक असेल. सासूबाई असत्या तर बोलल्या नसत्या, तोंड फिरवून बसल्या असत्या. शेवटी एवढंच म्हणाले की रात्रभर पावसात छत्री धरायची माझी तयारी आहे, पण हात आता पूर्वीसारखा राहत नाही. देवघराचा पडदा सरळ केला. उंबरा पाण्यानं पुसला. पुढच्या खोलीत, ह्यांच्या खुर्चीशेजारी, जिथून बागेतलं सफरचंद दिसतं, तिथं पाट मांडला. समई घासून वात घातली, पेटवली नाही. पेटवायची परत आल्यावर. साबुदाणा भिजत टाकला, मिहीर येईल तेव्हा उपाशी असेल आणि त्याला बापासारखेच वडे लागतात.

मग जिन्याखालचं कपाट उघडलं. मागे, हिवाळी बुटांच्या पाठीमागे, तो खोका होता. सपाट तळव्याचे बूट, माझ्या मापाचे, कागदही न काढलेले. उद्या मशीन येऊन ते सगळं गवत मुळापासून गुंडाळून नेणार आहे, हे मला कळतंय. तरी मी ते पिशवीत टाकले. काठावर बसून बदलायचे होते. सँडलची टाच रुतते.

बाहेर आले तेव्हा ऊन अजून कुंपणांच्या वरच्या पानांवर होतं. दिवेलागणीला वेळ होता. दार ओढून घेतलं पण कुलूप लावलं नाही, आणि क्लबच्या रस्त्याला लागले.